दान पडले, सोंगटी मेली

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला, शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सांध्यावरचा न्हावऱ्याकडील मुलूख एके काळी सर्वस्वी पावसाच्या मर्जीवर जगणारा, पुढे कालव्याने आणि उसाने पालटलेला, आणि घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे पंचक्रोशीबाहेरही ज्याचे नाव गेले असा असला, तरी वैशाखातील दुपार तेथे अद्यापि जुन्याच बेताने सरते. बारा वाजून गेल्यावर शेतात थांबणे अशक्य, चार वाजण्यापूर्वी परत जाणे निरर्थक, आणि मधल्या काळात ज्यांना झोप येत नाही त्यांनी काय करावे या प्रश्नाची जी उत्तरे या बाजूच्या खेड्यांनी फार पूर्वी शोधून ठेवली आहेत, त्यांपैकी एक पडवीच्या फरशीवर खडूने, कोळशाने किंवा विटकरीच्या तुकड्याने दोन मिनिटांत आखता येते. पाच उभी आणि पाच आडवी अशी पंचवीस घरे, प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात एक फुली आणि अगदी केंद्रस्थानी आणखी एक, एवढाच काय तो सरंजाम. महाराष्ट्रात या खेळाला पुष्कळ ठिकाणी चल्लस-आठ म्हणतात. कोठे त्याला इस्टो म्हणतात, कानडी मुलखात तो चौकाबारा होतो आणि तेलुगू घरांतून अष्टाचम्मा. नावे प्रांतोप्रांती बदलली तरी पट तोच, आणि त्या पटावर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरील भावही तेच.

खेळाचे कायदे थोडके आहेत. चौघे चार बाजूंना बसतात, प्रत्येकाच्या चार सोंगट्या असतात, आणि सोंगट्या म्हणजे बहुधा बांगडीच्या काचांचे तुकडे, मक्याचे दाणे, गारगोट्या, तुरीच्या काड्यांचे पेर, जे हाताशी असेल ते. एकाच्या वस्तू दुसऱ्याच्या वस्तूंहून ओळखू आल्या म्हणजे झाले. आपापल्या बाजूच्या फुलीवरून निघून सोंगटीने प्रथम बाहेरची सोळा घरे घड्याळाच्या उलट दिशेने ओलांडावयाची, मग आतील आठ घरांच्या फेऱ्यात शिरून दिशा पालटावयाची, आणि शेवटी मधल्या एका घरात जाऊन विसावावयाचे. दान टाकण्यासाठी कवड्या असल्यास उत्तम; नसल्यास चार चिंचोके दगडावर एका अंगाने घासून पांढरे करावेत. चारांपैकी जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितके दान, आणि चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकावयाचे. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला अभय असते. अन्यत्र कोठेही दुसऱ्याची सोंगटी आपल्या सोंगटीखाली सापडली की ती मेली, तिने उठून आपल्या मूळ घरी जावे आणि सारा प्रवास पहिल्यापासून करावा. मारणाऱ्यास मात्र बक्षीस म्हणून आणखी एक दान मिळते.

येथपर्यंत ऐकून कोणासही वाटेल की ही मुलांना दुपारी गप्प बसविण्याची एक निरुपद्रवी युक्ती आहे. परंतु या खेळात एक कलम असे आहे की ज्याच्यामुळे त्याचा सारा स्वभावच पालटतो, आणि ते कलम म्हणजे तोडीचे. ज्याने दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारली नाही, त्याला आतील फेऱ्यात प्रवेश नाही. तो बाहेरच्या सोळा घरांत प्रदक्षिणा घालीत राहील, पण मधल्या घराचा दरवाजा त्याला बंद. म्हणजे या पटावर सज्जनपणाने, कोणाच्या वाटेस न जाता, आपली पायरी ओळखून चालणाऱ्या मनुष्याला जिंकता येतच नाही. बुद्धिबळात बरोबरी करून सन्मानाने उठता येते, पत्त्यांच्या कित्येक खेळांत नुसते गप्प राहून वेळ निभावता येते. चल्लस-आठ मात्र प्रत्येकाकडून एक तरी आगळीक करवून घेतल्यावाचून त्याला पुढे जाऊ देत नाही. ही योजना ज्याने कोणी प्रथम केली त्याला मनुष्यस्वभावाची उत्तम पारख असली पाहिजे, कारण पहिली तोड होईपर्यंत सौजन्याने एकमेकांना वाट देणारे चौघेही जण, पहिली तोड झाल्यावर कसे बदलतात हे त्याला ठाऊक होते.

समजा, पटाभोवती एका घरातील सासू, सून, माहेरी आलेली नणंद आणि शाळेस सुटी लागलेला नातू अशी मंडळी बसली आहेत. सासूबाईंची एक सोंगटी बाहेरचा फेरा जवळजवळ पुरा करून आत शिरण्याच्या बेतात आहे, तिच्या मागे दोन घरांवर सुनेची सोंगटी आहे, आणि सुनेच्या हातातील चिंचोके खळखळून फरशीवर पडतात ते नेमके दोन पांढरे नि दोन काळे. क्षणभर कोणी बोलत नाही. मग सून खाली मान घालून म्हणते, “आत्या, माझा काय दोस? दानच तसं पडलं.” आणि सासूबाईंची सोंगटी उचलून त्यांच्यापुढे ठेवते. यावर सासूबाई, “पडलं तर पडलं, पन तुज्या त्या दुसऱ्या सोंगटीला काय पाय नव्हतं व्हय?” असे विचारतात, नणंद हसू दाबते, आणि नातू, ज्याला या राजकारणातील काहीही समजत नाही असे सर्वांनी धरून चाललेले असते, तो स्वच्छ शब्दांत सांगतो, “आजे, तिला तुलाच मारायचं हुतं.”

या खेळाची सारी गंमत, माझ्या मते, या तीन वाक्यांत आहे. दान हा वरून आलेला हुकूम आहे. त्याच्यावर अपील नाही, त्याला वशिला चालत नाही, आणि ज्याच्या हातून तो निघाला त्याच्यावर त्याची जबाबदारी नाही. परंतु त्या हुकमाची अंमलबजावणी कोणत्या सोंगटीने करावयाची ही मुखत्यारी मात्र खेळणाराकडे राहते, आणि पटावर चार सोंगट्या असल्या म्हणजे ही मुखत्यारी चांगलीच विस्तृत असते. ‘दान तसे पडले’ हे म्हणणे खरेच असते. आणि ‘तुला हवे होते म्हणून तू मारलेस’ हेही खरेच असते. ज्या घरात वयाने, नात्याने आणि पदराने बांधलेली माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे सरळ शब्दांत काही बोलू शकत नाहीत, त्या घरात निमित्त म्हणून चार चिंचोके मिळाले की केवढी सोय होते! सुनेने सासूची सोंगटी मारावी, धाकट्याने थोरल्याची मारावी, जावयाने सासऱ्याची मारावी, आणि कोणाच्याही मानमरातबाला धक्का लागू नये, ही व्यवस्था फाशावाचून सिद्ध झाली नसती. नुसत्या बुद्धीच्या खेळात हरविलेला मनुष्य दुखावतो, कारण तेथे हरण्याचे कारण तो स्वतःच असतो. नुसत्या नशिबाच्या खेळात जिंकण्याला चव नसते. येथे दोहोंची अशी भेसळ आहे की जिंकणाऱ्याने श्रेय आपल्याकडे घ्यावे आणि हरणाऱ्याने दोष चिंचोक्यांना द्यावा, आणि दोघांनीही आपापल्या जागी समाधानी राहावे.

म्हणून खेळ हलका, पण बिनडोक नव्हे. चिंचोक्याच्या दोन्ही बाजू पडण्याचा संभव सारखा धरला, तर चार चिंचोके सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी सहा प्रकारांत दान दोनाचे, चारांत एकाचे, चारांत तिनाचे, आणि चाराचे व आठाचे प्रत्येकी केवळ एका प्रकारात. याचा व्यवहारातील अर्थ असा की शत्रू आपल्या मागे दोन घरांवर असणे सर्वांत वाईट, कारण सोळांत सहा वेळा तो आपल्याला गाठील; एक किंवा तीन घरांवर असला तर सोळांत चार वेळा; पण तोच चार घरांवर गेला की धोका एकदम सोळांत एकावर येतो, आणि पाच घरांवर असला तर त्याला आधी चार आणि मग त्याच सोंगटीसाठी एक असे लागोपाठ पडावे लागते, जे चौसष्टांत एकदा घडेल. ज्या आजीबाईंनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही त्या हे गणित करीत नाहीत, पण ‘त्याच्या दोनावर उभी राहू नको’ असे नातीच्या कानात सांगतात, आणि ते सांगणे गणिताशी तंतोतंत जुळते. प्रत्यक्षात घासलेला चिंचोका दोन्ही अंगांना सारखा पडत नाही, कवडीही पडत नाही, आणि अनुभवी हात हे जाणून असतात की अमुक चिंचोके जास्त काळे पडतात, अमुक पांढरे. घरातले जुने चिंचोके डब्यात जपून ठेवण्यामागे केवळ काटकसर असते असे समजणे भोळेपणाचे होईल.

हा खेळ ज्या कुळातला, त्याचा थोरला पुरुष सारीपाट. त्याचा पट कापडाचा, चौफुलीच्या आकाराचा, प्रत्येक भुजेवर आठ घरांच्या तीन ओळी म्हणजे चोवीस घरे, चारही भुजांची मिळून शहाण्णव. सोंगट्या सोळा आणि चार रंगांच्या. आणि दान टाकावयाचे ते लांबट फाशांनी, ज्यांच्या चार अंगांवर एक, दोन, पाच व सहा एवढेच आकडे असतात. समोरासमोर बसलेले दोघे भिडू एका पक्षाचे असतात, जोडीने बसलेल्या सोंगट्यांचे ‘जुग’ एकट्याने फोडता येत नाही, आणि म्हणून तेथे मुत्सद्देगिरीला, मसलतीला आणि दीर्घ द्वेषाला पुष्कळ वाव मिळतो. अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या प्रासादाच्या आवारात फरशीवरच याच कुळातल्या पचिसीचा पट आखविला आणि त्याच्यावर सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करून तो खेळे असे सांगतात. सांगणाराने किती मीठ लावले असेल ते ज्याचे त्याने ठरवावे. सारीपाट हे दरबाराचे आणि वाड्याचे प्रकरण होते, त्याला दुपार पुरत नसे. चल्लस-आठाचा डाव मात्र चहाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान आटोपतो, आणि मेलेल्या सोंगटीचे फार मोठे नुकसान होत नाही, सोळा घरांचा फेरा तो केवढा! म्हणूनच येथे मारण्याचा संकोच वाटत नाही.

तरी सारीपाटाचे सर्वांत हृद्य वर्णन कोठे ऐकावयाचे असेल तर ते बादशाही दरबारात नव्हे, न्हावऱ्याहून चौफुला, सुपे, मोरगाव या वाटेने गेल्यावर लागणाऱ्या जेजुरीत ऐकावे. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळावयास बसले, पण लागला तो असा की हरणाराने बारा वर्षे घर सोडावे. खंडोबा हरला, आणि धनगराचा वेष घेऊन बाणाईच्या वाड्यावर चाकरीस राहिला, ही कथा वाघ्या-मुरळी जागरणात आजही गातात. या कथेत मला नेहमी एक प्रश्न पडतो की देव हरला की हरून घेतले. आणि भक्तांनाही तो पडत असलाच पाहिजे, कारण बाणाईकडे जाण्याची ओढ त्याला आधीच लागली होती आणि डाव हे केवळ निमित्त होते असेही ही कथा सांगणारे सांगतात. तसे असेल तर दानावर दोष टाकून आपल्या मनाजोगे करून घेणाऱ्यांत पहिला मान देवाकडेच जातो, आणि म्हाळसेचा राग रास्त ठरतो. पडवीतली सून तर त्या मानाने फारच लहान अपराधी.

शंकर-पार्वतीचीही हीच कथा. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीतील पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात जिंकल्याची आख्यायिका आहे. वेरूळच्या एकविसाव्या, रामेश्वर नावाच्या लेण्यात, आणि तसेच धुमार लेण्यातही, हा डाव पाषाणात कोरलेला आहे. वर देव आणि देवी पटाशी बसलेली, आणि खाली गणांचा गोंगाट, ज्यात नंदीला ते छळीत आहेत. नंदी पणाला लागून गेला आणि पार्वतीचे गण त्याला घेऊन चालले असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अर्थ खरा असो वा नसो, वरच्या दोघांच्या खेळाची किंमत खालच्या मुक्या प्राण्याने मोजावी ही कल्पना शिल्पकाराला पुष्कळ खेळ पाहिल्याशिवाय सुचली नसेल. महाभारतातील द्यूताची गोष्ट मी येथे मुद्दाम काढीत नाही. तेथे फासे होते, पण खेळ नव्हता. शकुनी पहिल्यापासून निकाल खिशात घेऊन बसला होता, आणि ज्याचा निकाल ठरलेला आहे त्याला डाव म्हणणे ही फाशांची बदनामी आहे. शिवाय धर्मराजाने गमावले ते राज्य आणि माणसे. चल्लस-आठात गमावावयाचा तो बांगडीच्या काचेचा तुकडा, आणि तोही पुन्हा मिळतो.

या कुळातला पचिसीचा खेळ इंग्रजांच्या हाती पडल्यावर त्यांनी त्याला फार साधा करून टाकला. पट छापील पुठ्ठ्यावर आला, कवड्यांच्या जागी सहा अंगांचा एक फासा आला, आणि १८९६ साली इंग्लंडात त्याचे लुडो या नावाने पेटंट घेतले गेले. अमेरिकेत त्यापूर्वीच तो पार्चीसी या नावाने खपत होता. म्युनिकच्या योसेफ फ्रीडरिश श्मिट नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी त्याचीच आणखी सोपी आवृत्ती केली, १९१४ पासून ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, आणि पहिल्या महायुद्धात तिचे तीन हजार संच त्याने लष्करी इस्पितळांना पाठविल्यावर ती जर्मनीत घरोघर पोहोचली. त्या खेळाचे जर्मन नाव ‘माणसा, चिडू नकोस’ अशा अर्थाचे आहे, आणि जायबंदी शिपायांना दुसऱ्याची सोंगटी मारण्याचा छंद औषध म्हणून देणाऱ्या त्या गृहस्थाच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते. आपल्याकडे लुडो परत आला तो या परदेशी वेषात, आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावर. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ साली काढलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत इतका फैलावला की शिरूरला असलेल्या भावाने दुबईतील बहिणीची सोंगटी मारावी आणि तिने तिकडून रडकुंडीस यावे हा नित्याचा प्रकार झाला. एक गोष्ट मात्र त्यात हरवली. यंत्र दान टाकते, यंत्रच सोंगटी हलविते, आणि मेलेली सोंगटी उचलून शत्रूच्या पुढ्यात ठेवण्याचे जे सुख ते कोणालाच मिळत नाही. मोबाइलवर लुडो खेळणाऱ्यांना पाहताना मला ही उणीव त्यांच्या चेहऱ्यांवर दिसते; मारल्यावर ते पडद्याकडे बघतात, माणसाकडे नव्हे.

पैसा आला की कायदा येतो. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेतून वगळतो. तेव्हा लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न उपस्थित होणारच होता, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या लुडोच्या एका ॲपवरून तो २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे २०२५ साली केंद्र सरकारने पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या सर्वच खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्य व नशीब हा भेदच ठेवला नाही. जुगाराने बुडालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत ते या बंदीबद्दल तक्रार करणार नाहीत, मीही करीत नाही. पण कायद्याने विचारलेला तो प्रश्न पटाशी बसलेल्या कोणालाही कधी पडलेला नाही. दान नशिबाचे असते हे पोरालाही कळते. मिळालेल्या दानाने कोणाला मारावयाचे आणि कोणाला सोडावयाचे हा कौशल्याचा भाग किती आणि मनातील हिशेबाचा किती, हे मात्र कोणत्याही पंचनाम्यात येणार नाही.

खेळातली भांडणे मात्र नशिबाची नसतात, ती बहुतेक चिंचोक्यांची असतात. एखादा चिंचोका फरशीच्या भेगेत तिरका अडकतो, एक पटाबाहेर उंबऱ्याखाली जातो, किंवा दान टाकणारा ते खुळखुळविण्याऐवजी जमिनीलगत सरकवितो, आणि मग फिर्याद, साक्षी-पुरावे, मागील डावातील दाखले यांचा कज्जा उभा राहतो. तिरका चिंचोका मोजावयाचा नाही, दान पुन्हा टाकावयाचे, असा निवाडा बहुतेक ठिकाणी रूढ आहे. पण पडलेले दान सोयीचे नसेल तर चिंचोका तिरका होता असे वाटण्याची प्रवृत्तीही तितकीच रूढ आहे. अशा वेळी न खेळता नुसते पाहात बसलेल्याला पंच नेमतात. या पंचाची स्थिती अवघड असते, कारण त्याला संध्याकाळी याच घरात जेवावयाचे असते, आणि म्हणून तो बहुधा दान पुन्हा टाकण्याच्याच बाजूने कौल देतो.

डावाचा शेवट मात्र रटाळ असतो, हे मान्य केले पाहिजे. मधल्या घरात शिरण्यासाठी नेमके दान लागते. एका घराने अडलेल्या सोंगटीला एकच पडले पाहिजे, आणि तो एक सोळांत चारच वेळा पडणार असल्यामुळे कित्येकदा दहा-बारा फेऱ्या होतात तरी सोंगटी जागची हलत नाही. पहिला जिंकला की त्याला उठावेसे वाटते, दुसरा सुटला की चहाचे आधण ठेवले जाते, आणि तिसऱ्या-चौथ्याचा निकाल लागेपर्यंत नेटाने बसणारे लोक फार थोडे. जो शेवटी उरतो तो हरला असे म्हणण्याची पद्धत आहे, पण त्याने लगेच नवा डाव मागितला तर त्याला नाही म्हणण्याची नाही. आणि मागताना तो कोणाकडे रोखून पाहतो यावरून पुढच्या डावात कोणाची सोंगटी आधी मरणार हे भोवतालच्या मंडळींना कळून चुकलेले असते.